पदवीनंतर सोरोरिटीशी नातं कसं टिकवायचं? नव्या शहरातल्या अलम्नी गटात शिरताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत शिकताना सोरोरिटीत (कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेत) होते, आता नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात आले आहे, इथल्या माजी सभासदांच्या गटातून सहभाग चालू ठेवायचा तर काय करावं, वेळ आणि पैसा किती लागेल?

पदवी मिळाली म्हणून सदस्यत्व संपत नाही. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिटींच्या परिषदेतल्या सगळ्या संघटनांत दीक्षा (सभासद होण्याचा विधी) झाली की सदस्यत्व आयुष्यभराचं असतं. ही परिषद १९०२ मध्ये स्थापन झालेली. तुमचं कॉलेजचं चॅप्टर (तिथली शाखा) पुढे बंद पडलं तरी तुम्ही सभासद राहता, फक्त नोंद ‘कॉलेजियन’ची (शिकत असलेली सभासद) ‘अलम्ना’ (माजी विद्यार्थिनी) होते. याचीच दुसरी बाजू म्हणजे परिषदेतल्या एका संघटनेची दीक्षा घेतली की तिथल्या दुसरीत जाता येत नाही. नव्या शहरात तुमच्या संघटनेचा गट नसेल तरी ‘मग दुसरीत जाते’ असं होत नाही.

म्हणून पहिलं काम संघटनेच्या मुख्यालयाशी. सभासद पोर्टलवर जाऊन तुमची नोंद काय दिसते ते पाहा. खातं कॉलेजच्या ईमेलवर उघडलेलं असतं, ते ईमेल पदवीनंतर काही महिन्यांत बंद होतं आणि पासवर्ड बदलायचा दुवा त्याच मेलवर जात राहतो. असं झालं असेल तर मुख्यालयाच्या सभासद विभागाला लिहा: दीक्षेच्या वेळचं पूर्ण नाव, चॅप्टर, विद्यापीठ, दीक्षेचा महिना-वर्ष, आताचा पत्ता. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर दोन्ही द्या. आपल्याकडच्या नावांची आणखी एक अडचण असते. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून कधी लिहिलेलं असतं, कधी गाळलेलं, त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी तयार होतात. त्या एकत्र करून घ्या. चॅप्टरचं काही देणं बाकी असेल तर तेही याच वेळी विचारा. थकबाकी असली की नोंद अडकून पडते आणि स्थानिक गटाला तुमचं नाव यादीत दिसतच नाही.

गट शोधताना शब्द जपून वापरा. पाय बीटा फायमध्ये त्याला ‘अलम्नी क्लब’ म्हणतात, कप्पा कप्पा गॅमात ‘असोसिएशन’, कप्पा अल्फा थीटात ‘चॅप्टर’, अल्फा कप्पा अल्फात ‘ग्रॅज्युएट चॅप्टर’. चुकीचा शब्द टाकला की शोधात काही येत नाही आणि गटच नाही असं वाटतं. ‘सोरोरिटी’ हा शब्दही सगळ्या जणी लावत नाहीत. तो १८८२ मध्ये सिरॅक्यूजच्या एका लॅटिनच्या प्राध्यापकांनी गॅमा फाय बीटासाठी सुचवला. त्याआधी निघालेल्या पाय बीटा फाय, कप्पा अल्फा थीटा, कप्पा कप्पा गॅमा या संघटनांच्या अधिकृत नावात आजही ‘फ्रॅटर्निटी’ आहे. चेक लिहिताना किंवा देणगीची पावती तपासताना हे लक्षात असू द्या.

डॅलस, ह्यूस्टन, अटलांटासारख्या पसरलेल्या शहरांत एकाच संघटनेचे दोन-तीन गट असू शकतात. मोठा गट निवडू नका, जवळचा निवडा. संध्याकाळी साडेसहाची बैठक आणि वाटेत पाऊण तासाचा ट्रॅफिक असेल तर तिसऱ्या महिन्यानंतर जाणं सुटतं, मग तिथल्या बायका कितीही चांगल्या असोत. घरापासून किंवा ऑफिसपासून पंचवीस-तीस मिनिटांच्या आत काय आहे ते बघा. बैठका कुठे होतात तेही विचारा, कारण गटाच्या नावातलं गाव आणि बैठकीचं ठिकाण यांत बरंच अंतर असू शकतं.

मेल कोणाला करायचा, इथे बऱ्याच जणी अडतात. पदाधिकारी बहुधा मे-जूनमध्ये बदलतात आणि वेबसाइटवर जुन्या अध्यक्षांचा पत्ता तसाच राहतो. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ नकार असा घेऊ नका. इन्स्टाग्राम किंवा फेसबुक पानावर संदेश टाका, तरीही काही नाही तर विभागीय अधिकाऱ्यांना लिहा. मेल चार ओळींचा पुरे: नाव, चॅप्टर आणि दीक्षेचं वर्ष, राहण्याचा भाग, कोणते वार-वेळ मोकळे आहेत, आणि एखादं काम जे तुम्हाला खरोखर जमतं. ‘काही मदत लागली तर सांगा’ असं लिहू नका, कारण त्यावर उत्तर काय द्यायचं हे समोरच्या बाईलाही कळत नाही. ‘हिशेबाचं शीट सांभाळू शकते’ किंवा ‘महिन्यातून एका शनिवारी गाडी घेऊन सामान पोचवू शकते’ असं लिहा. उत्तर लवकर येतं.

पैशाचं. वर्गणीचे बहुधा दोन भाग असतात, एक मुख्यालयाचा आणि एक स्थानिक गटाचा. परिषदेतल्या बहुतेक संघटनांत दोन्ही मिळून वर्षाला शंभर डॉलरच्या आतबाहेर येतं, नुकती पदवी झालेल्यांना पहिल्या वर्षी सवलतही असते. सवलत आपोआप लागत नाही, विचारावी लागते. गटाचं वर्ष जुलै ते जून असेल आणि तुम्ही मार्चमध्ये पैसे भरलेत तर ते चालू वर्षात धरले की पुढच्या, हे लेखी विचारून घ्या. कृष्णवर्णीय महिलांच्या चार ऐतिहासिक संघटनांचा (अल्फा कप्पा अल्फा, डेल्टा सिग्मा थीटा, झीटा फाय बीटा, सिग्मा गॅमा रो) हिशेब निराळा असतो. तिथे पदवीनंतरचं चॅप्टर हाच संघटनेचा कणा आहे. वर्गणी काही शे डॉलर असते, बैठका दरमहा होतात, समितीत काम अपेक्षित असतं, आणि वर्गणी भरलेली असेल तरच तुम्ही ‘फायनान्शिअल’ म्हणजे मताधिकार असलेल्या सभासद. दक्षिण आशियाई मुलींच्या संघटना, उदाहरणार्थ १९९८ मध्ये टेक्सासात सुरू झालेल्या डेल्टा फाय ओमेगा आणि कप्पा फाय गॅमा, अजून तरुण आहेत. संस्थापक पिढीच आत्ता चाळिशीच्या शेवटाला पोचते आहे. गट लहान असतात आणि नव्या मुलीला पहिल्याच वर्षी पद मिळू शकतं.

ही वर्गणी करातून वजा होत नाही. सोरोरिटी आणि तिचे गट बहुधा अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(७), म्हणजे सामाजिक क्लब या कलमाखाली येतात. कर-सवलत मिळते ती संघटनेच्या स्वतंत्र फाउंडेशनला दिलेल्या देणगीवर, कारण ते ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय संस्था असतं. म्हणून शिष्यवृत्तीसाठी चेक देताना तो फाउंडेशनच्या नावाने काढा, गटाच्या नावाने नको.

आता सहभाग. माझं ठाम मत आहे की पहिल्या वर्षी एकच काम घ्यावं, पण तारीख ठरलेलं. नुसते ब्रंच आणि वाइन-नाइट करून कोणी टिकत नाही. तिथे ज्यांची आधीची ओळख आहे त्या एकमेकींशी बोलतात आणि नवी मुलगी प्लेट घेऊन उभी राहते. काम हातात असलं की बोलणं आपोआप सुरू होतं. पहिली भेटही शक्यतो पॅकिंगची किंवा सेवाकार्याची निवडा. बहुतेक संघटनांचं एक ठरलेलं सेवाक्षेत्र असतं: अल्फा डेल्टा पायचं रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस (आजारी मुलांच्या कुटुंबांसाठी निवास), डेल्टा गॅमाचं दृष्टिसेवा, कप्पा अल्फा थीटाचं न्यायालयात मुलांची बाजू मांडणारं कासा. त्या कामाची स्थानिक शाखा तुमच्या शहरात असतेच असं नाही, ते आधी बघा.

नव्या सभासदासाठी मला सगळ्यात योग्य वाटतं ते परीक्षेच्या आठवड्यातल्या खाऊच्या पिशव्यांचं काम. जवळच्या विद्यापीठातल्या आपल्या चॅप्टरला डिसेंबरच्या सुरुवातीला आणि मेच्या सुरुवातीला या पिशव्या जातात. समजा चॅप्टरमध्ये ८० मुली आहेत आणि पिशवीमागे ४ डॉलर धरले, तर ३२० डॉलर झाले. लहान गटाला हे जड जातं, म्हणून सप्टेंबरातच समितीकडून रक्कम मंजूर करून घ्या. मुलींचा आकडा चॅप्टर सल्लागाराकडून (कॉलेजच्या चॅप्टरला मार्गदर्शन करणाऱ्या माजी सभासदाकडून) घ्या, कारण वेबसाइटवरचा जुना असतो, आणि पाच जास्तीच्या बांधा. घरचं शिजवलेलं देऊ नका, बंद पाकिटातलंच द्या. शेंगदाणे-काजू असलेल्या वस्तू वेगळ्या पिशव्यांत घालून वर तसं लिहा. पोचवायचं ते परीक्षा सुरू होण्याच्या आधीच्या गुरुवार-शुक्रवारी. परीक्षेच्या मधल्या दिवशी गेलात तर निम्म्या मुली घरी गेलेल्या असतात आणि पिशव्या तशाच पडून राहतात.

दुसरं मोठं काम संघटनेच्या स्थापनादिनाचं. हॉटेलात जेवण ठरवलं तर किमान रक्कम काय, अंतिम आकडा कधी द्यायचा आणि तो नंतर कमी करता येतो का, हे करारात वाचा. पैसे नाव नोंदवतानाच घ्या. ‘येऊन देते’ म्हणणाऱ्या चौघी आल्या नाहीत की तूट गटाच्या खात्यावर पडते. विधी करायचा असेल तर दार बंद होणारी खोली हवी, वाढपी आत-बाहेर करत असतील तर विधी होत नाही. बऱ्याच ठिकाणी उघडी ज्योत चालत नाही, म्हणून बॅटरीच्या मेणबत्त्या बरोबर ठेवा. पंचवीस-पन्नास वर्षं झालेल्यांना द्यायच्या पिना मुख्यालयातून मागवाव्या लागतात. दोन महिने आधी मागवा, आणि नावाचं स्पेलिंग त्या बाईंनाच विचारा. पन्नास वर्षांनी पिन घ्यायला काठी टेकत आलेल्या बाईंचं नाव चुकलेलं असेल तर ते फार लागतं. संघटनेचा बॅज लावलेला असताना हातात मद्याचा ग्लास नको, हा नियम जवळपास सगळीकडे आहे. कॉलेज सुटलं म्हणून तो सुटत नाही.

चॅप्टर सल्लागार व्हावं का? काम मोलाचं आहे, पण स्वतःच्या चॅप्टरची सल्लागार लगेच होऊ नका. ज्या मुली काल तुमच्या मैत्रिणी होत्या त्यांच्यावर शिस्तीचा निर्णय घेणं जमत नाही. निदान दोन वर्षं जाऊ द्या किंवा दुसऱ्या विद्यापीठातलं चॅप्टर घ्या. एखादाच विषय, समजा हिशेब, घेतला तरी आठवड्याला दोन-तीन तास धरून चाला, आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या नव्या मुलींच्या भरतीच्या काळात त्याहून बरेच जास्त. छळाचा, म्हणजे हेझिंगचा संशय जरी आला तरी मुलींशी खासगीत मिटवायला जाऊ नका. त्याच दिवशी मुख्यालयाला कळवा.

भरतीवरून एक खबरदारी, कारण मराठी मंडळात ओळखीच्या घरची मुलगी कॉलेजात चालली की फोन येतोच. पॅनहेलेनिकच्या भरतीत संपर्काचे नियम माजी सभासदांनाही लागू असतात. तिला प्रवेशाचा शब्द देऊ नका, भेटवस्तू देऊ नका, भरतीच्या दिवसांत दुसऱ्या संघटनांबद्दल बोलू नका. शिफारसपत्राची सक्ती अनेक संघटनांनी काढून टाकली आहे, तरी मुख्यालयाचा फॉर्म भरून ओळख देता येते. तेवढं करा आणि थांबा.

व्हिसावर असणाऱ्यांनी हे पाहावं: एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ओपीटीवर (पदवीनंतरची तात्पुरती कामाची परवानगी) असताना विनामोबदला पद घेता येतं. सोरोरिटीची काही पदं मात्र पगारी किंवा मानधनाची असतात, जसं हाउस डायरेक्टर (चॅप्टरच्या निवासाची व्यवस्था पाहणारी) किंवा वेगवेगळ्या चॅप्टरना भेट देणारी फिरती सल्लागार. ती परवानगीशिवाय घेऊ नका, मानधन थोडं असलं तरी.

खजिनदारपद मिळालं तर मात्र सावध, गट बंद पडण्याची मुळं बहुधा तिथेच असतात. वर्गणी स्वतःच्या वेन्मोवर (पैसे पाठवायच्या अ‍ॅपवर) घेऊ नका. पैसे मिसळतात, आणि वर्षअखेरीस तो पैसा तुमचं उत्पन्न नव्हता हे तुम्हालाच दाखवत बसावं लागतं. गटाचा स्वतःचा ईआयएन (करखात्याकडचा ओळख) क्रमांक असतो, बँक खातं त्यावरच हवं आणि सह्या दोघींच्या. पदाधिकारी बदलल्यावर आयआरएसकडे (अमेरिकेच्या करखात्याकडे) जबाबदार व्यक्ती बदलल्याचा फॉर्म ८८२२-बी साठ दिवसांत जातो, तो हमखास विसरला जातो. वार्षिक उलाढाल साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर फॉर्म ९९०-एन (करमुक्त संस्थांचं छोटं वार्षिक विवरण) ऑनलाइन भरायचा, दहा मिनिटांचं काम. मुदत वर्ष संपल्यानंतरच्या पाचव्या महिन्याची १५ तारीख, म्हणजे वर्ष ३० जूनला संपत असेल तर १५ नोव्हेंबर. सलग तीन वर्षं चुकला तर करमुक्त दर्जा आपोआप जातो आणि तो परत मिळवताना गट दमून जातो. मुख्यालय आपल्या वतीने भरतं असं गृहीत धरू नका, विचारून खात्री करा. रॅफलची (सोडतीची) तिकिटं विकण्याआधी राज्याचा कायदा पाहा. पुष्कळ राज्यांत तो जुगार धरला जातो आणि सामाजिक क्लबला परवाना मिळतोच असं नाही.

शहरात गटच नसेल तर दोन वाटा. परिषदेतल्या संघटनांच्या माजी सभासद मिळून ‘अलम्नी पॅनहेलेनिक’ चालवतात. तिथे वेगवेगळ्या बॅजच्या बायका एकत्र येतात, शिष्यवृत्त्या देतात, आणि तुमच्या संघटनेची आणखी कोण गावात आहे हे तिथेच कळतं. दुसरी वाट म्हणजे स्वतः गट काढणं. किती सभासद लागतात ते प्रत्येक संघटनेचं वेगळं, ते मुख्यालय सांगेल. तुमच्या झिप कोडभोवतालच्या सभासदांना मेल पाठवायची विनंती त्यांनाच करा, बहुधा यादी तुम्हाला देत नाहीत पण मेल पाठवतात. अध्यक्ष, खजिनदार आणि सभासद नोंदणी पाहणारी अशा तिघी मिळेपर्यंत नोंदणीला हात घालू नका. पहिल्या वर्षी चारच कार्यक्रम ठेवा आणि चारींच्या तारखा एकाच मेलमध्ये कळवा. दर महिन्याचा घाट घातला तर डिसेंबरपर्यंत दोघीच उरतात.