आईला झेपेल असा अलार्म कुठला?

प्रश्न : आमचं नेरुळला सिडकोचं रो हाऊस आहे, खाली हॉल-किचन आणि वर दोन खोल्या. मागच्या गल्लीत घरफोडी झाली म्हणून आता अलार्म बसवायचाय. बसवणारा म्हणतो सगळं अ‍ॅपवरच घ्या, भिंतीवर काही नको, स्वस्तात होईल. पण आई ७४ वर्षांची, तिचा फोन अजून बटणांचा. कामवाल्या मावशी सकाळी येतात, मुलगा ऐरोलीच्या शिफ्टवरून रात्री दीड-दोनला येतो, आम्ही दोघं दिवसभर मुंबईत. कीपॅड घेऊ, रिमोट घेऊ की अ‍ॅपच बरं? (एक वाचक, नेरुळ)

उत्तर : नुसतं अ‍ॅप घेऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. ऑफिसात बसून 'लावलाय ना?' बघायला अ‍ॅप झक्कास, पण दारात उभं राहून हातात छत्री असताना फोनचं लॉक उघडा मग अ‍ॅप उघडा मग ते गोल गोल फिरत बसणार, तोवर सायरन सुरू. त्यात महावितरणची लाईट गेली की पॅनल, म्हणजे अलार्मचा मुख्य डबा, स्वतःच्या बॅटरीवर चालतं पण राऊटर बसतो, म्हणजे अ‍ॅपचा खेळ खलास. कीपॅड आणि रिमोट थेट पॅनलशी बोलतात, त्यांना इंटरनेट लागत नाही. लाईट गेल्यावरही फोनवर निरोप यायला हवा असेल तर सिमकार्ड टाकता येणारं पॅनल मागा.

आता एक करा. आई भाजी घेऊन परत येते तेव्हा आत बसून वेळ मोजा. सेफ्टी डोअर, मग आतलं कुलूप, पिशवी खाली, चप्पल बाजूला, आणि मग पर्समधला चष्मा शोधायचा. दार उघडल्यापासून सायरन वाजेपर्यंत जी सवलत मिळते ती बऱ्याच ठिकाणी ३० सेकंदांवर ठेवलेली असते, आईला ती पुरणारच नाही. बहुतेक पॅनलमध्ये ती वाढवता येते, ४५ करा, ६० करा, पण फक्त पुढच्या दाराला हं, खिडकी आणि मागच्या दाराला अजिबात सवलत नको.

त्यापेक्षा आईला छोटा रिमोट द्या. गेटपाशीच बटण दाबायचं, अलार्म बंद, मग निवांत कुलूप उघडा. बटणं मोठी आणि हाताला वेगवेगळी लागणारी बघा, आणि पॅनिकचं बटण (संकटात भोंगा वाजवायचं) दोन-तीन सेकंद दाबून धरावं लागेल असं हवं, नाहीतर पर्समध्ये कोथिंबिरीच्या जुडीखाली दाबलं जाऊन गेटपाशी पोचतानाच घरचा भोंगा वाजेल. ते बटण दाबलं म्हणजे पोलीस आपोआप येतात असं नाही, तुम्हाला फोन येईल, ११२ तुम्हीच लावायचा. विकत घेताना रोलिंग कोडवाला आहे का विचारा, म्हणजे दर वेळी सिग्नल बदलतो आणि कोणी तो पकडून पुन्हा वापरू शकत नाही. आणि रिमोट हरवला तर त्याच दिवशी पॅनलमधून काढून टाका, किल्ल्यांच्या जुडग्यातच असतो ना तो.

मावशींना मात्र रिमोट नको, वेगळा कोड द्या. काम सोडलं तर तेवढाच कोड पुसायचा, घरातल्या कोणाचा बदलायला नको. त्यासाठी दाराच्या आत कीपॅड हवाच, पण जाळीच्या दारातून बाहेरच्याला दिसेल असा नको. चार आकडी कोडच्या १०,००० शक्यता असतात, पण तीच चार बटणं वर्षभर दाबून चकचकीत झाली की बघणाऱ्यापुढे उरतात फक्त २४. म्हणून अधूनमधून बदला.

रात्रीचा मोड वेगळा असतो. आतले हालचालीचे सेन्सर बंद, दारं-खिडक्या चालू, म्हणजे आई पाणी प्यायला उठली तरी काही होत नाही. पण दार ते दारच! आमच्या नौपाड्याच्या घरी पहिल्याच आठवड्यात मी पहाटे साडेपाचला झोपेत दुधाच्या पिशव्या घ्यायला दार उघडलं आणि अख्खा मजला बाहेर आला, समोरचे काका तर क्रिकेटची बॅट घेऊन. त्यानंतर बायकोने अलार्म लावूच दिला नाही, दोन महिने ते पॅनल भिंतीवर नुसतं शोभेला. शेवटी बेडरूमच्या दारामागे खिळ्याला एक जादा रिमोट टांगला, उठलं की आधी तो दाबायचा, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. तुमच्याकडे दूध आणायला कोण उठतं ते बघून तसा एक टांगा. मुलाला स्वतःचा रिमोट द्या आणि आत आल्यावर पुन्हा रात्रीचा मोड लावायची सवय लावा, तो विसरणार, दोनला येणारी पोरं विसरतातच, म्हणून पॅनलला ठरावीक वेळी आपोआप लागायची सोय असेल तर तीनचा टायमर टाका.

पूर्ण पैसे द्यायच्या आधी बसवणाऱ्यासमोर आईकडून तीनदा चालू-बंद करून घ्या, चष्म्याशिवाय. आणि त्याने टाकलेला मास्टर कोड, बऱ्याचदा १२३४ असतो, बसवणारा गेल्यावर लगेच बदला.