वाचकांचे प्रश्न : शिकारीचा पक्षी, बंदुकीपासून ताटापर्यंत

ऑक्टोबर उजाडला की ब्रिटनमधील मराठी वाचकांच्या पत्रांतून फेझंट या कोंबडीच्या कुळातल्या रानपक्ष्याविषयी विचारणा होऊ लागते. तेथे या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी असा कायद्यानेच ठरलेला आहे. खेड्यांतून राहणाऱ्यांच्या दारात शेजारीपाजारी शिकारीची जोडी आणून ठेवतात आणि कोंबडी सोडून दुसरा पक्षी कधी हाताळलेला नसल्यामुळे आपली माणसे गोंधळून जातात. या वेळी त्याच विषयावरची काही पत्रे एकत्र घेतली आहेत. एक पत्र महाराष्ट्रातलेही आहे.

प्रश्न : शेजारच्या शेतकऱ्याने फेझंटची नर-मादी जोडी पिसांसकट आणून दिली आणि 'आठवडाभर टांगून ठेवा, मग शिजवा' असे सांगितले. आतडीही न काढता मेलेला पक्षी इतके दिवस ठेवायचा, हे मनाला पटत नाही. टांगलाच पाहिजे का? आणि पुढे तो साफ कसा करावा? (एक वाचक भगिनी, नॉर्थ यॉर्कशर)

उत्तर : आपल्याकडच्या हवेत आपली शंका सोळा आणे खरी ठरली असती, परंतु यॉर्कशरच्या डिसेंबरात शेजाऱ्याचा सल्लाही चुकीचा नाही. पक्षी मेल्यावर त्याचे स्नायू आधी ताठरतात आणि नंतर मांसातल्याच पाचक द्रव्यांमुळे हळूहळू सैल पडतात. पक्षी टांगून ठेवायचा तो या बदलाला वेळ मिळावा म्हणून. मात्र हे सगळे थंडीवर अवलंबून आहे. जागा कोरडी, वारा खेळती आणि माशा-उंदरांपासून सुरक्षित असावी व तेथील तापमान 4 अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. असे असेल तर फेझंट तीन ते सात दिवस ठेवता येतो. हवा उबदार असेल तर एक-दोन दिवसांवर ठेवू नये. जुन्या इंग्रज घरांतून पक्ष्याला उग्र वास सुटेपर्यंत तो टांगण्याची पद्धत होती, पण ती मला मान्य नाही. मांस मऊ होण्यासाठी तीन-चार दिवस पुरेसे असतात आणि पहिल्यांदाच खाणाऱ्या कुटुंबासाठी तेवढेच योग्य.

टांगण्यापूर्वी प्रत्येक पक्षी नीट तपासावा. छर्रे पोटात बसून आतडी फुटली असतील, तर पोटाचा भाग ओलसर लागतो आणि त्याला दुर्गंधी येते. असा पक्षी टांगण्याच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी साफ करावा. ज्या पक्ष्याच्या पोटाची कातडी हिरवट पडली आहे, तो सरळ टाकून द्यावा.

कोवळा पक्षी आणि जून पक्षी यांतला फरकही आताच पाहून घ्यावा, कारण पुढचा सगळा स्वयंपाक त्यावर ठरतो. नराच्या पायामागची काट्यासारखी आरी आखूड आणि बोथट असेल तर तो त्याच वर्षीचा कोवळा पक्षी समजावा. ती लांब आणि अणकुचीदार असेल तर जून. मादीच्या बाबतीत हे लक्षण कामाचे नाही.

आता साफ करण्याविषयी. पक्षी अख्खा भाजायचा असेल तर पिसे कोरडीच उपटावीत. छातीवरची कातडी फार नाजूक असते, म्हणून डाव्या हाताने ती ताणून धरावी आणि उजव्या हाताने एका वेळी तीन-चारच पिसे, ज्या दिशेने ती वाढली आहेत त्याच दिशेने ओढावीत. मूठभर पिसे एकदम धरली की कातडी टरकन फाटते. उरलेली लव गॅसच्या ज्योतीवरून पक्षी फिरवून जाळून टाकावी. रस्सा करायचा असेल तर पिसे उपटण्याचा खटाटोप नको. छातीच्या हाडावर कातडीला चीर द्यावी, अंगठे आत सरकवावेत आणि पिसांसकट कातडी सोलून काढावी.

मानेच्या बुडाशी, छातीच्या वर, अन्नाची पिशवी असते. तिच्यात बहुधा गहू किंवा मक्याचे दाणे सापडतात. ते आंबले की सगळ्या मांसाला वास लागतो, म्हणून ती पिशवी न फोडता अलगद सोडवून आधी काढावी. त्यानंतर शेपटीखाली चीर देऊन, दोन बोटे पाठीच्या कण्याला लागून आत घालावीत आणि आतला सगळा ऐवज एकत्रच बाहेर ओढावा. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. ती फुटली तर जिथे पित्त लागले तेवढा भाग कापून टाकावा, धुऊन कडवटपणा जात नाही. काळीज आणि पेटा ठेवून द्यावा, तव्यावर परतून तो फार चांगला लागतो. नडगीतल्या शिरा मात्र टणक असतात. सांध्यावर हाड मोडून, पाऊल पिळून ओढले की त्या पायाबरोबर बाहेर येतात, नाहीतर तंगडी खाताना दातांत काड्या येतात.

शिजवताना एवढे ध्यानात धरावे की या पक्ष्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. छाती लवकर कोरडी पडते आणि तंगड्या शिजायला वेळ घेतात, म्हणून दोन्ही वेगवेगळे शिजवणे मला सर्वांत योग्य वाटते. छातीचे तुकडे तुपावर मध्यम आचेवर परतून, वरून तूप सोडत, आतपर्यंत शिजवून लगेच वाढावेत. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधोमध 75 अंश दिसले की पुरे. तंगड्या व पाठीचा सांगाडा यांचा कांदा आणि भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण लावून मंद आचेवर दीड-दोन तास रस्सा करावा. जून नर असेल तर प्रेशर कुकर वापरण्यात काही गैर नाही. आपल्या गावठी कोंबड्याला जो संयम लागतो, तोच येथे लागतो.

प्रश्न : आम्ही लंडनमध्ये बाजारातून साफ केलेला फेझंट आणतो आणि चिकनप्रमाणे दही-लिंबात रात्रभर मुरवून तंदुरी करतो. मुले आवडीने खातात, पण मागच्या वेळी धाकट्याच्या दाताखाली छर्रा आला. यात काही धोका आहे का? (एक वाचक, लंडन)

उत्तर : दाताचा प्रश्न किरकोळ आहे, त्याहून महत्त्वाचा प्रश्न शिशाचा आहे. पक्ष्यांवर झाडले जाणारे छर्रे पिढ्यान्‌पिढ्या शिशाचे होते आणि आजही बरेचसे तसेच आहेत. शिसे मऊ असते. छर्रा हाडावर आपटला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण मांसात विखुरतात. त्यामुळे दिसतील तेवढे छर्रे वेचून काढले तरी सगळे शिसे निघाले, असे म्हणता येत नाही. शिशाची अमुक मात्रा निर्धोक, अशी मर्यादा शास्त्रज्ञांनी मानलेली नाही आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. म्हणूनच ब्रिटनच्या अन्नमानक संस्थेने शिशाच्या छर्र्यांनी मारलेल्या पक्ष्यांचे मांस कमीत कमी खावे, विशेषतः लहान मुलांनी, गर्भवतींनी आणि गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी, असा सल्ला दिलेला आहे.

आपल्या पाककृतीत आणखी एक अडचण आहे आणि ती आपल्या लोकांना सहसा कोणी सांगत नाही. आंबट पदार्थात शिसे विरघळते. दही, लिंबू, चिंच, व्हिनेगर यांत मांस रात्रभर मुरवले की छर्र्यातले आणि त्याच्या कणांतले शिसे मांसात अधिक उतरते, म्हणजे जी रीत कोंबडीला उत्तम तीच येथे घातक ठरते. हळद, मीठ, आले-लसूण आणि तेल यांचे वाटण लावावे. मांस जून असेल तर कच्च्या पपईचा किस अर्धा तास लावून ठेवावा, त्याने आंबटपणाशिवाय मांस मऊ होते.

मुरवण्यापूर्वी पक्षी उजेडात धरून पाहावा. जेथे छर्रा शिरला तेथे काळानिळा डाग असतो आणि छर्र्याबरोबर एखादे बारीक पीसही आत ओढले गेलेले असते. चिमट्याने ते पीस ओढले की पुष्कळदा छर्रा मागोमाग येतो. डागाभोवतीचे मांस बोटभर रुंद कापून टाकावे, तेथे काटकसर करू नये.

मुलांना हा पक्षी द्यायचाच असेल तर विकत घेताना तो शिशाविना मारलेला आहे का, हे स्पष्ट विचारावे. इंग्लंडमध्ये पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे झाडायला 1999 पासून बंदी आहे आणि 2020 मध्ये तेथील शिकारी संघटनांनी स्वतःच पाच वर्षांत बाकीच्या पक्ष्यांसाठीही शिसे सोडण्याचे जाहीर केले. तरीही बाजारातल्या प्रत्येक पक्ष्याविषयी खात्री देता येत नाही. जेथे विक्रेता उत्तर देऊ शकत नाही, तेथून मुलांसाठी मांस घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : कार्यालयातील वरिष्ठांनी नॉरफोकमध्ये शिकारीला बोलावले आहे. मी कधी बंदूक धरलेली नाही. जावे का? (एक वाचक, केंब्रिज)

उत्तर : जायचे असेल तर आधी मातीच्या तबकड्यांवर नेमबाजीचा सराव शिक्षकाच्या देखरेखीखाली करावा आणि मगच जिवंत पक्ष्यावर बंदूक रोखावी. स्वतःची छर्र्यांची बंदूक बाळगण्यासाठी पोलिसांचे प्रमाणपत्र लागते. पाहुण्याला बंदूक उसनी घेण्याची सवलत कायद्यात आहे, पण तिच्या अटी यजमानाने पाळल्या आहेत ना, हे आपण विचारून घ्यावे.

तेथे हाकारे रान उठवतात आणि ठरलेल्या जागी उभ्या असलेल्या बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून पक्षी जातात. पक्ष्यामागे मोकळे आकाश दिसत असेल तरच बार काढावा. खाली उडणारा पक्षी सोडून द्यावा, कारण त्याच्या पलीकडे हाकारा किंवा कुत्रा असू शकतो. साधारण 35 मीटरपलीकडच्या पक्ष्यावर झाडू नये. तो मरत नाही, जखमी होऊन जातो आणि कुठेतरी झुडपात तडफडत मरतो. पडलेला पक्षी जिवंत असेल तर त्याला क्षणाचाही विलंब न लावता संपवणे, हे ज्याने बार काढला त्याचे पहिले कर्तव्य आहे. त्यानंतर तो मोकळ्या हवेत टांगावा. गरम पक्षी पिशवीत एकावर एक रचले की मांस आतून बिघडते आणि मग स्वयंपाकघरात कितीही कौशल्य दाखवले तरी ते सुधारत नाही.

एका दिवसात शेकड्यांनी पक्षी पाडायचे आणि त्यांना घेणारा कोणी नाही, अशाही शिकारी होतात. आपण जात आहात तेथे मारलेल्या पक्ष्यांचे पुढे काय होते, हे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वीच विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर न जाणे बरे.

प्रश्न : आजोबा बारा बोअरच्या बंदुकीने तितर-लावे आणत आणि आजीच्या हातची त्यांची भाजी अजून आठवते. बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घरात आहे. शेतात तितर भरपूर आहेत. एखादा मारला तर चालेल का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : चालणार नाही. आजोबांच्या काळी शिकारीचे परवाने मिळत असत, हे खरे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही वर्षे लहान सावजासाठी परवान्याची तरतूद होती. परंतु 1991 च्या दुरुस्तीने ती संपली आणि आज तितर, रानातला लावा, रानकोंबडा यांपैकी कोणालाही मारणे किंवा फासात धरणे हा गुन्हा आहे. पीकसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्यासाठी आहे, त्याने शिकारीचा हक्क मिळत नाही. रस्त्याच्या कडेला पाय बांधून विकायला आणलेली तितरांची जोडी विकत घेणे, हाही गुन्हाच आहे. शिवाय तितर शेतातले किडे आणि वाळवी मोठ्या प्रमाणात खातो, तेव्हा तो आपल्या शेतात आहे ही आनंदाचीच गोष्ट मानावी.

आजीच्या भाजीसाठी पाळीव जपानी बटेर, म्हणजे लाव्याचीच एक जात, घ्यावेत. ते कुक्कुटपालकांकडे मिळतात, पाच-सहा आठवड्यांत तयार होतात आणि त्यांच्या अंगात छर्रा नसल्यामुळे दही-लिंबाचीही आडकाठी नाही. पक्षी लहान, साफ केल्यावर दीड-दोनशे ग्रॅमचा, म्हणून माणशी दोन धरावेत. पाठीच्या कण्यावर कापून पुस्तकासारखा उघडावा, हळद-मीठ-आले-लसूण लावून तासभर ठेवावा आणि आधी तेलावर दोन्ही बाजूंनी लालसर करून घ्यावा. सुके खोबरे, कांदा, धणे, तीळ आणि खसखस यांचे भाजून केलेले वाटण त्याच तेलात तेल सुटेपर्यंत परतावे, बेताचे गरम पाणी घालावे आणि उकळी आल्यावरच बटेर सोडावेत. पंधरा-वीस मिनिटांत ते शिजतात. त्यापुढे आच ठेवली तर मांस हाडांवरून सुटून रश्श्यात मिसळते, म्हणून भाकरी तव्यावर पडल्यानंतरच बटेर रश्श्यात सोडावेत.