३.९० लाखांत भिंत होईल, पण कुठली?

दादा, तुमचा मेसेज वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, चिपळूणजवळ गावी वडिलांचं घर, डोंगर कापून केलेल्या जागेवर, मागे १० फूट उभी माती आणि गेल्या पावसात तिचा ढिगारा मागच्या पडवीपर्यंत आला. गावातल्या कॉन्ट्रॅक्टरने ६० फूट लांबीच्या भिंतीचे ३.९० लाख सांगितलेत, त्यातले २ लाख ॲडव्हान्स, तेही रोख, शिमगा झाला की काम चालू. चिपळूणच्या इंजिनीअरने आरसीसी भिंतीचे ६.४० लाख सांगितले. तुम्ही ठाण्यात, हातात ६ लाखांची एफडी. ती मोडू, का १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घेऊ, का बाबांचं पोस्टातलं सिनिअर सिटिझनचं खातं बंद करू, आणि गावातल्याला काम देऊन अडीच लाख वाचवू का, असं विचारलंय.

आधी अडीच लाखांचं बोलू, कारण ते वाचतच नाहीयेत. तुम्ही पाठवलेलं कोटेशन म्हणजे व्हॉट्सॲपची एक ओळ आहे, "१० बाय ६० वॉल, चिरा, ३ कॉलम, मटेरियलसकट" (चिरा म्हणजे आपला जांभा दगड). पायाची रुंदी नाही, खोली नाही, पाणी बाहेर जायला पाइप किती ते नाही, मागे खडी भरणार की तीच खणलेली माती परत लोटणार ते नाही. ही कंपाउंड वॉल आहे हो, फक्त डोंगराला टेकवलेली. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६ फुटाच्या गडग्यावर जेवढा रेटा त्याच्या जवळपास पावणेतीन पट १० फुटाला, आणि मागे पाणी तुंबलं तर त्यावर पाण्याचा दाब वेगळा. नुसत्या वजनावर उभी राहणारी दगडी भिंत करायची तर तळाची रुंदी साधारण उंचीच्या निम्मी ते दोन तृतीयांश लागते, म्हणजे तुमच्याकडे ५ ते साडेसहा फूट. सव्वा फूट जाडीची चिऱ्याची भिंत पहिल्या दोन पावसात दिसायला छान राहील, पुढचं मी लिहीत नाही. आणि पडली तर ३.९० गेलेच, वर मलबा उचलायला जेसीबी, परत नवीन भिंत, मागची पडवी धरून काय नुकसान झालं ते वेगळं.

म्हणून गावातल्याला काम देऊ नका असं मी म्हणत नाहीये, उलट द्याच. त्याची माणसं तिथलीच, चिरा-वाळू कुठून आणायची त्याला माहीत, आणि काही झालं तर तो पळून जाणार कुठे, बाबांच्या रोजच्या बघण्यातला आहे. फक्त इंजिनीअरला फी देऊन ड्रॉइंग करून घ्या, सळई-पाया-पाइप सगळं लिहिलेलं, आणि त्या ड्रॉइंगवर दोघांकडून परत रेट मागवा. तेव्हा कुठे आंब्याची आंब्याशी तुलना होईल. माझा अंदाज गावातला ५ ते ५.५० वर येईल. आणि त्याचा हा रेट गेल्या मे महिन्यातला असेल तर विचारा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय. तो "जीएसटी वेगळा" म्हणाला तर आधी नंबर मागा, नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताच येत नाही.

आता २ लाख रोख. दोन लाख किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो, आणि एकाच कामाचे तुकडे करून दिले तरी सुटका नाही, हे त्याला सांगा, बहुतेकांना माहीतच नसतं. त्याची अडचणही खरी आहे, दुकानदार उधारीवर सळई देत नाही. मग सिमेंट-सळईचे पैसे तुम्ही थेट दुकानात बँकेतून भरा, बिल बाबांच्या नावावर. बाकी हप्ते कामाप्रमाणे, खोदाईला १० टक्के, पाया भरला की ३०, भिंत उभी राहिली की ३५, मागचा खडीचा भराव, पाइप आणि वरचा चर झाला की १५, आणि शेवटचे १० गणपती झाल्यावर. गणपतीला तुम्ही येणारच, तोपर्यंत पावसाचा बहुतेक मारा होऊन गेलेला असतो, भिंत फुगली की नाही डोळ्याने बघायचं आणि पैसे द्यायचे. दुकानात भरलेली रक्कम त्या त्या हप्त्यातून वळती करायची, हे आधीच कागदावर घ्या. कुरकुर करेल, ५ वर तोडा, पण शून्यावर नको.

हप्ते असे असले की पैसे कुठून आणायचे ते आपोआप सुटतं. पर्सनल लोन ५ लाख, ३ वर्षं, १४ टक्के, ईएमआय साधारण १७,१०० आणि व्याज १.१५ लाख, पहिल्या दिवसापासून पूर्ण रकमेवर. बाबांच्या खात्याला तर हातच लावू नका, १० लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला २०,५०० येतायत, त्यातून थोडे काढता येत नाहीत, सगळंच बंद करावं लागतं आणि दुसरं वर्ष चालू असल्याने दीड टक्का म्हणजे १५ हजार कापतील, वर त्यांचा घरखर्च तुमच्यावर. एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर लागतील तसे पैसे उचलायचे. ९० टक्क्यांपर्यंत देतात म्हणजे ५.४० लाख, व्याज बहुधा एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त, पण जेवढे उचलले तेवढ्यावरच, आणि एफडीचं व्याज चालूच. महिन्याला २५ हजार उरतात म्हणालात, ते सगळे यात टाका. एफडी १० महिन्यांनी मॅच्युअर होतेय, तेव्हा राहिलेले फेडून मोकळे व्हा. तीच तुमची अडीनडीची शिल्लक पण आहे म्हणून मोडायला नको म्हणतोय.

एक गोष्ट तुम्ही जाताजाता लिहिलीत, ७/१२ वर काकांचंही नाव आहे. हे आधी घ्या. ५ लाख सामायिक घरावर घालताय, काकांनी वाटा दिला तर उत्तम, नाही दिला तरी लेखी संमती आणि खर्च कोणी केला हे कागदावर असू दे. पुढेमागे घर विकलंत तर सुधारणेचा खर्च म्हणून धरायला बिलं लागतीलच.

भिंत झाली की घराचा विमा बघा. भारत गृह रक्षा पॉलिसीत दरड कोसळणं येतं आणि रिटेनिंग वॉल, म्हणजे अशी माती अडवणारी भिंतसुद्धा घराचा भाग धरतात, पण चुकीचं डिझाइन किंवा खराब कामामुळे झालेलं नुकसान त्यात बसत नाही. म्हणजे ड्रॉइंगच्या फीचा परत विषय आला.

आणि वेळ. एप्रिलच्या अखेरपर्यंत पाया भरून झाला नाही तर यंदा काम नको, दिवाळीनंतर करा, उकरलेली माती आणि जूनचा पहिला पाऊस ही जोडी फार वाईट. खणतानाही सगळी ६० फूट एकदम उघडू नका म्हणावं, १०-१२ फुटाचे टप्पे. काम पुढे गेलंच तर वरच्या अंगाला चर मारून पाणी बाजूला काढा, उघड्या मातीवर ताडपत्री, खर्च काही हजारांत, आणि पावसाचा जोर असेल तेव्हा बाबांना मागच्या खोलीत झोपू देऊ नका.