आईस हॉकीत गोल झाल्यावर प्रेक्षक बर्फावर टोप्या का फेकतात? आणि ऑक्टोपसचं काय प्रकरण आहे?

टोप्यांचं सोपं आहे. एकाच खेळाडूने सामन्यात तिसरा गोल केला की हॅटट्रिक, आणि मग डोक्यावरची टोपी थेट बर्फावर. खेळ थांबतो, टोप्यांचे ढीग गोळा होतात. नवी कोरी टोपी फेकायला मात्र जिगर लागते!

ऑक्टोपस हा अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचा खास प्रकार. १५ एप्रिल १९५२ रोजी मासळीचं दुकान असलेल्या दोघा भावांनी तिथल्या रेड विंग्ज संघाच्या सामन्यात मेलेला ऑक्टोपस बर्फावर भिरकावला. तेव्हा स्टॅन्ली कप या विजेतेपदाच्या चषकासाठी प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, आठ विजय लागायचे, म्हणून आठ पायांचा प्राणी. त्या वर्षी संघाने आठच्या आठ सामने जिंकले, मग काय, प्रथा जी चिकटली ती चिकटलीच. मुरलेले चाहते तो घरून उकडून आणतात. कच्चा फेकला तर बर्फावर बुळबुळीत डाग पडतो.

खेळाडूंच्या जल्लोषात माझा आवडता फिनलंडचा टीमू सेलाने. मार्च १९९३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या संघाकडून खेळताना त्याने पदार्पणाच्या हंगामातला ५३ गोलांचा विक्रम मोडला, हातमोजा हवेत उडवला आणि स्टिक बंदुकीसारखी रोखून तो धडाधड ‘टिपला’.