कोठडीतली बहीण आणि तिचे औषधोपचार

प्रश्न : माझी धाकटी बहीण चार महिन्यांपासून एका मध्यवर्ती कारागृहात कच्ची कैदी आहे. नवऱ्याच्या मारहाणीच्या काळात तिला दारूची सवय लागली, पुढे नैराश्यासाठी गोळ्या सुरू झाल्या, झोपेच्या गोळ्या तर ती स्वतःच वाढवत गेली. अटकेनंतर सारे एकदम बंद झाले. मुलाखतीत ती धड बोलत नाही, रात्रभर झोप नाही एवढेच सांगते. पुरुषांच्या विभागात व्यसनमुक्तीचे गट चालतात, महिला विभागात काही नाही असे कळले. तिला उपचार मिळू शकतील का? आजाराची नोंद झाली तर खटला बिघडेल, म्हणून आई गप्प बसायला सांगते.
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आईची भीती समजण्यासारखी आहे, पण या बाबतीत गप्प बसू नका.

दारू अचानक बंद झाल्यावर पहिल्या काही दिवसांत झटके येण्याचा आणि भ्रम होण्याचा जो धोका असतो, तो काळ आता मागे पडला आहे. झोपेच्या गोळ्या एकदम थांबल्याचा त्रास मात्र पुष्कळ लांबू शकतो. शिवाय दारू सुटून महिना उलटल्यावरही झोप लागत नसेल, बोलणे तुटत असेल, तर मूळचे नैराश्य परत आले आहे का हे मनोविकारतज्ज्ञानेच तपासायला हवे. ‘दारू सुटल्याचा त्रास आहे, जाईल हळूहळू’ हे उत्तर चार महिन्यांनंतर मान्य करू नका.

देशातील कैद्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे चार टक्के आहे, आणि संख्या कमी म्हणून सोय नाही हे कारण वर्षानुवर्षे ऐकवले जाते. बाहेरच्या रुग्णालयाची तारीख मिळाली, तरी सोबतीला महिला पोलीस उपलब्ध नसल्या की ती तारीख हुकते. वास्तविक तुमच्या बहिणीच्या बाबतीत मारहाण, नैराश्य आणि दारू ही एकाच दुखण्याची अंगे आहेत; केवळ दारू सोडवणाऱ्या गटात तिला बसवूनही भागणार नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये स्वीकारलेल्या बँकॉक नियमांत हेच म्हटले आहे की, स्त्री कैद्यांवरील व्यसनोपचारात तिने पूर्वी सोसलेल्या अत्याचाराचा विचार झाला पाहिजे.

आपल्याकडील मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ कैद्यांनाही लागू आहे. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य आस्थापना, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करणारे केंद्र, असावी, असे त्याचे कलम १०३ सांगते. आजारी कैद्याला तिथे पाठवता येते. म्हणून आधी तिच्या जुन्या डॉक्टरांकडून आजाराचे नाव, गोळ्यांची नावे आणि मात्रा लिहून घ्या, आणि त्या कागदाची प्रत जोडून कारागृह अधीक्षक व वैद्यकीय अधिकारी यांना अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तोंडी विनंती कुठेच नोंदली जात नाही. याच कायद्याच्या कलम १४ नुसार बहीण साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून तुम्हाला आपली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो कागद हाती असला की उपचारांबद्दल विचारणा करताना तुमच्या शब्दाला वजन येईल.

अर्जाला दाद मिळाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते. वकिलांमार्फत न्यायालयाकडेच वैद्यकीय तपासणीचा आदेश मागता येतो. मुंबईतील कोठडीत स्त्रियांना झालेल्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बर्से यांनी लिहिलेल्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले आणि १९८३ मध्ये निकाल दिला, तेव्हा लेखी तक्रारीला कमी लेखू नका.

आता खटल्याविषयी. उपचार घेणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. उलट, जामिनाचा विचार करताना आरोपी स्त्री आहे किंवा आजारी आहे हे न्यायालय लक्षात घेऊ शकते, आणि त्यासाठी कागदोपत्री नोंद लागते. कोणता कागद कधी सादर करायचा, हे मात्र वकिलांना विचारूनच ठरवा.

आणखी एक. बहीण जीव नकोसा झाल्याचे बोलली, किंवा तसे सुचवणारे काही बोलली, तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवा. तिची सुटका झाली की कारागृहातील केसपेपर आणि चालू औषधांची चिठ्ठी मागून घ्या, कारण जुन्या घरात, जुन्या माणसांत परतल्यावर दारूकडे वळण्याची भीती पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असते. ती कुठे राहील आणि कोणत्या डॉक्टरांकडे जाईल, हे आताच ठरवून ठेवा. तुमच्या स्वतःच्या मनावरही ताण आला असेल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते.