सल्लागाराचा कागद, विश्वस्ताची सही

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीतील आमच्या कारखान्याचा भविष्यनिर्वाह निधी कंपनीच्याच ट्रस्टकडे आहे. कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मी यंदा विश्वस्त झालो. सभेत सल्लागार गुंतवणुकीची यादी मांडतात, वकीलसाहेब ‘कायद्यात बसते’ म्हणतात आणि आम्ही सह्या करतो. उद्या पैसा बुडाला, तर जबाबदारी कोणाची?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या ट्रस्टला १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याच्या कलम १७ खाली सूट, म्हणजे निधी सरकारी संघटनेकडे न भरता स्वतः सांभाळण्याची मुभा, मिळालेली असणार. तिच्या अटी कंपनीच्या वकिलांना ट्रस्टच्या दस्तात सौम्य करता येत नाहीत. ईपीएफओ या सरकारी भविष्यनिर्वाह निधी संघटनेच्या दरापेक्षा कमी व्याज देता येत नाही, आणि ट्रस्टची मिळकत अपुरी पडली किंवा निधीला तोटा झाला, तर तो मालकाने भरून द्यायचा असतो. कामगारांना हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

मात्र मालकच अडचणीत आला, तर ही हमी किती टिकेल, हा खरा प्रश्न आहे. म्हणून सहीपूर्वीची चौकशी महत्त्वाची. कोणत्या प्रकारच्या रोख्यांत किती टक्के रक्कम ठेवायची, हे सरकारी अधिसूचना ठरवते. पण त्या मर्यादेत कोणत्या कंपनीचे रोखे घ्यायचे, ही निवड विश्वस्तांची असते, आणि सल्लागाराचा प्रभाव नेमका तिथेच पडतो. २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना वित्तपुरवठा करणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली, तेव्हा त्याच्या रोख्यांना थोड्याच काळापूर्वीपर्यंत सर्वोच्च पतमानांकन (परतफेडीच्या खात्रीचा दर्जा) होते आणि अनेक पीएफ ट्रस्टांचा पैसा त्यांत अडकला. ती खरेदी नियमांत बसतच होती. ‘कायद्यात बसते’ या उत्तरावर म्हणूनच थांबू नये.

सल्लागारांना मोबदला कंपनी देते की रोखे विकणारी संस्था कमिशन देते, हे लेखी विचारावे. सल्ल्यासाठी शुल्क घेणाऱ्याला सेबी या रोखेबाजार नियामकाच्या २०१३ च्या विनियमांनुसार साधारणपणे नोंदणी लागते. त्यांचा नोंदणी क्रमांकही मागावा. एकाच समूहात निधीचा किती भाग गुंतला आहे, याचा तक्ता प्रत्येक सभेआधी मागवावा. उत्तर समाधानकारक नसेल, तर आपली असहमती इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरावा, आणि तशी नोंद नाकारली गेल्यास ईपीएफओच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी.