'चार वर्षांपासून' इंग्रजीत कसं लिहायचं?

ताई, तुमच्या मुलीने नोकरीच्या अर्जात 'आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स' असं लिहिलं आणि कुणीतरी ते चूक ठरवलं. 'मी चार वर्षांपासून इथे काम करते' हे मराठीत बरोबर, मग इंग्रजीत का नाही, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'चार वर्षांपासून'ही म्हणतो. हिंदीतही दोन्हीकडे 'से'च. इंग्रजी मात्र इथे फरक करते: काम कधी सुरू झालं ते सांगायचं असेल तर 'सिन्स', किती काळ चाललंय ते सांगायचं असेल तर 'फॉर'.

शिकवणीत हा नियम मी वर्षानुवर्षं पाठ करून घेतला, पण मुलं परीक्षेनंतर विसरायची. उपयोगी पडली ती मराठीतलीच एक कसोटी. 'पासून' काढा आणि आधी 'गेली' लावून बघा. 'मी गेली चार वर्षं इथे काम करते', वाक्य छान उभं राहतं, म्हणजे 'फॉर'. '2021पासून'चं असं होत नाही, म्हणून तिथे 'सिन्स'. इंदुरात दिवसभर हिंदी कानावर पडते, त्यामुळे मुलांच्या तोंडी 'गेली चार वर्षं' फारसं येतच नाही. घरी ते मुद्दाम बोला. मराठी तर सुधारेलच, इंग्रजीलाही मदत होईल. आणि हो, 'सिन्स द लास्ट फोर इयर्स' हेही टाळायचं.

आता काळ. आपण 'काम करते' हा साधा वर्तमानकाळ वापरतो. जर्मनमध्येही अशा वाक्यात वर्तमानकाळच चालतो, तेव्हा मराठीत काही उणं आहे असं समजू नका. इंग्रजीला मात्र मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या कामासाठी 'हॅव बीन' लागतं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स'. इथे जपून. 'आय वर्क्ड हिअर फॉर फोर इयर्स' लिहिलं तर वाचणारा समजेल की तिने नोकरी सोडली. अर्जात हा फरक महागात पडू शकतो.

दुसरा प्रश्न 'इट्स'चा: त्यात अ‍ॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर दिलं जाणारं स्वल्पविरामासारखं चिन्ह, कधी द्यायचं (it's) आणि कधी नाही (its). दोन्हींचा उच्चार सारखाच, म्हणून फोड करून बघा. 'इट इज' किंवा 'इट हॅज' बसलं तरच अ‍ॅपॉस्ट्रॉफी द्या. 'त्याचा, त्याची' असा अर्थ असेल तर देऊ नका. 'हिज'मध्ये तरी आपण कुठे देतो?